विझलेल्या ट्रेलरच्या मागे

दुबईहून परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, ती उंच इमारत बघितलीस का. बघितली. गाडीच्या काचेतून, मान वाकडी करून. तिच्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, आणि ज्यांना तेच ऐकायचंय त्यांनी इथेच थांबलेलं बरं. मी बारा दिवस तिथे होते आणि त्यातला महत्त्वाचा वेळ एका मोटरसायकलच्या मागच्या चाकापाशी उकिडवी बसून, दातांत टेप धरून घालवला.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे पुढचा राग कुठून आला ते कळेल. मी कराडची. चार वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या एका पहाटे माझे वडील शाळेवर निघाले होते. धुकं होतं. रस्त्यात उसाची रिकामी ट्रॉली उभी होती. तिला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, साधं लाल फडकंसुद्धा नव्हतं. बाबांची मोटरसायकल मागून तिच्यात गेली. पंचनाम्यात 'अपघात' असा शब्द आहे. मी तो शब्द मानत नाही. बिनदिव्याची गाडी रस्त्यावर आणणं ही कृती आहे, आणि प्रत्येक कृतीला कर्ता असतो. हे माझ्या पहिल्या पत्रकातलं पहिलं वाक्य.

तेव्हापासून मी, बापू नावाचा माझा कॉलेजचा मित्र आणि आणखी पाच-सहा जण दर गळीत हंगामात कारखान्याच्या यार्डात जातो आणि रांगेत उभ्या असलेल्या ट्रॉल्यांना स्वतःच्या हातांनी मागचे दिवे बसवतो. वायर आमची, घाम आमचा. यंदा एका कारखान्याने आम्हाला यार्डात पाऊल टाकायला बंदी केली, कारण बिनदिव्यांच्या ट्रॉल्यांचे फोटो आम्ही चौकात लावले होते. मी फाटकासमोर बसणार होते. पण दुबईच्या थोरल्या बहिणीने, आक्काने, तिकीट पाठवलं आणि आईने बॅग भरली. निघताना आईचं एकच सांगणं होतं: दाजींच्या पुढ्यात तोंड उघडू नकोस, जावई आहेत ते आपले.

अल मनखूल

आक्काचं घर बर दुबईतल्या या जुन्या वस्तीत, चौथ्या मजल्यावर. सकाळी सातला लिफ्टचं दार उघडलं की प्रत्येक मजल्यावर वेगळी फोडणी. दुसऱ्या मजल्यावर नारळ, तिसऱ्यावर हिंग, चौथ्यावर आक्काचा लसूण. खाली उतरून दहा मिनिटं चाललं की ज्वारीचं पीठ मिळतं, पोहे मिळतात, आणि दुकानातला मलबारी माणूस "ताई, भाजणी आली" असं मराठीत सांगतो. परदेश परदेश म्हणून मी छाती भरून घेतली होती ती पहिल्याच दिवशी रिकामी झाली.

माझी भाची इरा नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं. पहिल्याच संध्याकाळी ती आक्काला म्हणाली, "आई, व्हाय डझ मावशी टॉक लाइक अ लाउडस्पीकर?" आक्का म्हणाली, कारण ती खरंच लाउडस्पीकरवर बोलते.

दाजी सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचे मॅनेजर. मूळ कोल्हापूरचे, इथे पंधरा वर्षं. माणूस दिलदार, पण त्यांच्याकडे एक भाषण आहे आणि भारतातून आलेल्या प्रत्येकाला ते ऐकावं लागतं. इथे लेन म्हणजे लेन. इथे सिग्नल म्हणजे सिग्नल. इथल्या ट्रकचं ढुंगण बघ, दिवाळीसारखं लखलखतंय. तुमच्याकडे काही व्हायचं नाही, मेंटॅलिटीच नाही. 'तुमच्याकडे'! पंधरा वर्षांत कोल्हापूर 'तुमच्याकडे' झालं. मी दोन दिवस गप्प बसले. माझ्या आयुष्यातला हा विक्रम आहे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला तळघरातल्या पार्किंगमध्ये नेऊन त्यांची टूरिंग मोटरसायकल दाखवली. आमच्या घरच्या ओट्यापेक्षा लांब. दोन्ही बाजूंना पेट्या, पुढे काच, सीटला पाठ. मग मोबाइलवर ट्रेलरचा फोटो दाखवला: काळी, झाकणाची पेटी, खाली दोन छोटी चाकं. देश सोडून चाललेल्या एका सहकाऱ्याकडून घेतलेला. इथे ठेवायला जागा नाही म्हणून तो शारजात दाजींच्या ओळखीच्या मुकादमचाचांच्या दुकानामागे उभा होता. शनिवारी बाइकवाल्यांचा बाराजणांचा गट पूर्व किनाऱ्यावरच्या खोरफक्कानला मुक्कामाला जाणार होता. सगळ्यांचे तंबू आणि दाजींच्या तांबड्या रश्श्याची पातेली या ट्रेलरमधून जाणार होती. रस्सा करायचा शब्द त्यांनी गटाला गेल्या वर्षीच दिला होता.

मी विचारलं, दिवे?

ट्रेलरचे दिवे उत्तम आहेत म्हणाले. फक्त प्लग जुन्या मालकाच्या बाइकचा आहे, आपल्या बाइकला त्याचं कनेक्शनच नाही. ते नंतर बघू. सकाळी निघायचं, दिवसा पोचायचं, मागे तुझी आक्का गाडी घेऊन आहेच. एवढं चालतं.

एवढं चालतं! हे दोन शब्द मी कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याकडून ऐकलेत, ट्रॅक्टर मालकाकडून ऐकलेत, पोलीस चौकीत चहा पिणाऱ्या हवालदाराकडून ऐकलेत. ते मला विमानाने तीन तास लांब येऊन, ट्रकच्या ढुंगणावर भाषण देणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकायचे होते. शिस्त सरकार लावतं तोवरच असते काय? कॅमेरा नाही तिथे आपण परत उसाची ट्रॉली?

हे सगळं मी बोलले. मोठ्याने. तळघरात आवाज घुमतो. वॉचमन येऊन बघून गेला.

दाजी हसले. "नेतेबाई, इथं मोर्चा काढायला परवानगी लागते."

"मला मोर्चा नको, वायर द्या. मी बसवते दिवे."

"तू?"

ट्रॅक्टरच्या मागे एवढ्या ट्रॉल्या जोडल्यात, एका खेळण्याला भ्यायचं काय, असं मी म्हटलं. हे वाक्य लक्षात ठेवायची गरज नाही. मला ते विसरता येत नाही एवढंच.

शारजा

मुकादमचाचा रत्नागिरीच्या राजिवड्याचे. पस्तीस वर्षांपूर्वी लाँचीवर इलेक्ट्रिशियन म्हणून आले, आता औद्योगिक वस्तीत गाड्यांच्या इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे. दोन माणसं कुशीवर वळून जातील एवढ्या रुंदीचं, पण छतापर्यंत भरलेलं. शुक्रवारी दुपारी नमाज झाल्यावर आम्ही पोचलो. त्यांनी आधी डबा उघडला: बायकोने केलेली सांदणं, रत्नागिरीच्या तांदळाची, वर नारळाचं दूध. मला म्हणाले, आधी खा, मग भांड.

काम समजावून दिलं तेव्हा त्यांनी मला पहिली गोष्ट सांगितली ती मी ऐकली. ही नवी बाइक, हिच्या दिव्यांच्या वायरीवर थेट दुसरा दिवा लटकवायचा नाही. हिला कॉम्प्युटर आहे, तो बिथरतो. मध्ये एक रिलेचा डबा घालायचा. डबा बाइककडून फक्त इशारा घेतो, वीज सरळ बॅटरीतून देतो. डबा आणि प्लग मिळून दोनशे दहा दिरहम. "म्हंजे पाच हजार रुपये," चाचा आपणहूनच म्हणाले, आणि दाजींकडे बघून, "तुझ्या हेल्मेटच्या काचेपेक्षा स्वस्त हाय."

दुसरी गोष्ट मी ऐकली नाही. चाचांनी काउंटरवर पांढऱ्या वायरीचं भेंडोळं ठेवलं. ही अर्थची, म्हणजे अर्थिंगची. दिव्यांपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वेगळी न्यायची.

इथे ज्यांना वायरिंग कळत नाही त्यांच्यासाठी: वीज दिव्यात गेली की तिला बॅटरीकडे परतायची वाट लागते. उसाच्या ट्रॉलीला आम्ही ही वाट वेगळी देतच नाही. ट्रॉलीचं लोखंड, ट्रॅक्टरचं लोखंड, मध्ये जोडणारी पिन; वीज लोखंडातून परत जाते. याला म्हणतात बॉडी अर्थ. एक वायर वाचते, आणि वर्गणीवर चालणाऱ्या मोहिमेत वाचलेली वायर म्हणजे पुढच्या ट्रॉलीचा दिवा.

मी चाचांना म्हटलं, आमच्याकडे बॉडी अर्थ चालतो.

"तुझ्या गावात काय चालतं ते मी कशाला सांगू, बाय," चाचा म्हणाले. "हिथं तो ट्रेलर चालणार हाय. हालत, उडत."

मी म्हटलं चाचा, मी चार हंगाम हेच काम करतेय. चाचांनी भेंडोळं परत खिळ्याला अडकवलं.

दुकानाबाहेरच्या गल्लीत बसून मी काम केलं. सीट काढली, डबा बसवला, चार वायरी मागे आणल्या: मागचा दिवा, ब्रेक, डावा, उजवा. पाचवी नाही. बाइकच्या मागच्या गोळ्यावर ट्रेलरची वाटी बसते; अर्थ तिथून. ट्रेलर जोडला, चावी फिरवली, ब्रेक दाबला, आणि दोन्ही बाजूंना लालभडक उजेड पडला. डावा दिला, डावा लागला. उजवा दिला, उजवा. शेजारच्या टायरच्या दुकानातला पठाण "शाबाश बेटी" म्हणाला. दाजींनी माझा फोटो काढून आईला पाठवला. खाली लिहिलं, 'तुमची लेक गल्फमध्ये नोकरीला लागली.' चाचांनी तेवढी दाद दिली नाही, पण मी तिकडे बघितलंच नाही.

धैदच्या अलीकडे

शनिवारी पहाटे शारजातल्या अल मजाजला, खाडीच्या काठी सगळे जमले. कागदी कपातला कराक, म्हणजे इथला दाट दुधाचा चहा, अंड्याचा पराठा गुंडाळलेला, आणि बारा बाइक ओळीने उभ्या. गटाचा कप्तान थॉमस, कोट्टायमचा, हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नर्स. निघण्याआधी तो प्रत्येक गाडीच्या मागे जाऊन दिवे तपासतो. आमच्या ट्रेलरमागे उभा राहिला आणि त्याने अंगठा वर केला. मी छाती पुढे काढून उभी होते. दाजींनी प्रेमाने त्या गोळ्याला भरपूर ग्रीस चोपडलं होतं. ते बरोबरच होतं, गोळा झिजू नये म्हणून लावायचंच असतं. मला ते दिसलं, आणि त्याचा अर्थ काय हे डोक्यात आलं नाही.

दाजी सगळ्यांत शेवटी. त्यांच्या मागे आक्का गाडी चालवत होती, मी शेजारी, इरा मागच्या सीटवर कानात गाणी घालून. ट्रेलरवर तंबूंचा ढीग एवढा उंच बांधला होता की बाइकचा स्वतःचा मागचा दिवा त्याच्याआड गेला होता. दिसत होते ते फक्त मी बसवलेले दोन लाल ठिपके. शहर संपलं, वाळू सुरू झाली, आभाळ राखाडी व्हायला लागलं. मी आक्काला सांगत होते की हे दोन ठिपके बघ, एवढंच मागतोय आम्ही कारखान्याकडे, एवढंच.

मग धुकं आलं. वाळवंटात धुकं असतं हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे ते नदीवरून, उसातून हळूहळू चढतं. इथे ते रस्त्यावर भिंतीसारखं उभं होतं आणि आम्ही थेट त्यात शिरलो. वरच्या पाट्यांवर वेग कमी करा म्हणून आकडे लुकलुकायला लागले. आक्काने वेग कमी केला. दोन ठिपके पुढे होते. रस्त्याच्या जोडावर गाडी दणकली, एकदा, दोनदा. ठिपके लुकलुकले.

आणि गेले.

समोर काही नव्हतं. पांढरं, नुसतं पांढरं. आक्का म्हणाली, कुठे गेले हे? आणि त्या पांढऱ्यातून एकदम काळी पेटी आली, बॉनेटच्या पुढ्यात, इतकी जवळ की तंबूच्या दोरीची गाठ मला दिसली. आक्काने ब्रेक दाबला. इराची बाटली पुढच्या काचेवर आदळली. पेटी परत धुक्यात गेली.

बाबांना शेवटी काय दिसलं असेल, हा प्रश्न मी चार वर्षं भाषणात विचारलाय. टाळ्या घेतल्यात त्यावर. आता मला उत्तर माहीत झालं होतं, आणि ती पेटी माझ्या हातची होती.

आक्काने दाजींना फोन लावला; तो त्यांच्या हेल्मेटमध्ये वाजतो. थोडं पुढे, धैद गावाच्या अलीकडे, पेट्रोल पंप होता, थॉमसने सगळ्यांना तिथेच थांबवलं होतं. मी उतरून ट्रेलरपाशी गेले. दिवे बंद. वाटी हाताने खाली दाबली, लागले. सोडली, गेले. हाताला ग्रीस; वीज परतायची वाट त्यानेच अडवली होती.

दाजींचं म्हणणं साधं होतं. धुकं तासाभरात विरेल, कडक ऊन पडेल, मग दिवे हवेत कशाला. आक्का आणखी मागे राहील. मटण बर्फात आहे, पण किती वेळ राहणार? मी म्हटलं, ब्रेकचा दिवा उन्हातही लागतो, पुढे डोंगरात बोगदे आहेत, आणि उद्या परत यायचंय. ट्रेलर हलणार नाही. मी त्याच्या चाकासमोर जमिनीवर बसले.

दाजींचा चेहरा बदलला. गटातली सगळी माणसं बघत होती, आणि पंधरा वर्षांत त्यांना इथे कुणी असं अडवलेलं नसणार. ते खालच्या आवाजात म्हणाले, "कनेक्शन कुणाचं होतं, वैजू? आठवडाभर ट्रॉली, ट्रॉली करून डोकं खाल्लंस. आणि तमाशा पण तूच करणार?"

बरोबर होतं. अगदी बरोबर. पत्रकं लिहिणाऱ्याला सगळी वाक्यं लिहिता येतात, एक सोडून. मी उठून थॉमसला हिंदीत सांगितलं, वायरिंग मी केलं आहे, चूक माझी आहे, आणि ट्रेलर असा पुढे जाणार नाही. वाटल्यास तुम्ही पुढे जा.

थॉमसने एवढंच विचारलं, कितना टाइम?

एक तास, मी म्हटलं. दाजी म्हणाले एक तास कशाला, थॉमसभाई, ती उगाच...

तेव्हा आक्का गाडीतून उतरली. माझी आक्का दाजींना चारचौघांत कधी काही बोललेली मी ऐकली नाही. आमच्या घरात तशी रीतच नाही. ती येऊन माझ्या शेजारी उभी राहिली.

"अहो, मी तुमच्यावर घातली होती गाडी," ती म्हणाली. "माझ्या ब्रेकनं वाचलात असं समजू नका. तुम्ही त्याच वेळी पुढं गेलात म्हणून वाचलात."

आणि तिने गाडीची चावी पर्समध्ये टाकली.

दाजींनी तंबूंची दोरी सोडली, ट्रेलरचं झाकण उघडलं आणि ते आत वाकले. मुक्कामाला तंबूंवर टांगायची रंगीत दिव्यांची लांब माळ त्यांनी खास आणली होती. ती माझ्या हातात दिली. "वायर आहे यात. काप."

थॉमसने ड्रेसिंग कापायची कात्री दिली. मी माळ कापली, दोन पदर एकत्र पिळले, ट्रेलरच्या दिव्यांमागचा रंग खरवडून नटाखाली एक टोक आवळलं आणि दुसरं सीटखालून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत नेलं. पंपाच्या कॅफेटेरियातला पोरगेला मलबारी स्वतःच चहा आणून ठेवत होता. मी नटावर पाना फिरवत होते आणि हात मध्येच थांबला.

आम्ही दिवे बसवतो ते यार्डात. यार्डात ट्रॉली कशी असते? भरलेली. दहा-बारा टन ऊस पिनेवर दाबलेला असतो, लोखंडाला लोखंड घट्ट. दिवा लागतो, आम्ही फोटो काढतो, ड्रायव्हरला पत्रक देतो. मग ट्रॉली रिकामी होते. रिकामी ट्रॉली रस्त्यावर कशी जाते ते कराडच्या कुठल्याही लहान मुलाला विचारा: खडखडत, उडत, पिन भोकात नाचत.

आम्ही एकही दिवा रिकाम्या ट्रॉलीवर तपासला नव्हता. चार हंगामांत एकही नाही. आणि बाबा रिकाम्या ट्रॉलीवर आदळून गेले होते.

दाजी शेजारी टॉर्च धरून बसले होते. काय झालं म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी टॉर्च हलू दिला नाही, तेवढं मात्र मला आठवतं.

काम झाल्यावर मी दोन धिप्पाड गड्यांना ट्रेलरच्या दांड्यावर उभं करून उड्या मारायला लावल्या. पाच मिनिटं. लोकांनी व्हिडिओ काढले. दिवे ढिम्म हलले नाहीत. "यल्ला, चलो," थॉमस म्हणाला.

निघायच्या आधी मी बापूला फोन लावला. त्याला समजायला वेळ लागला नाही. म्हणाला, "सगळ्या? परत?"

"सगळ्या. रिकाम्या असताना."

"वैजू, कारखान्याला कळलं तर आपल्याला दारात उभं करतील का कुणी?"

खोरफक्कान

बोगद्यांतून आम्ही पार झालो तेव्हा आक्काने मला बोलू दिलं नाही, म्हणाली मला दिव्यांकडे बघू दे. शेवटच्या बोगद्यातून बाहेर पडलं की डोंगर संपतो आणि एकदम समुद्र दिसतो. लाल-काळे उघडे डोंगर, झाडाचं नाव नाही, आणि त्यांच्या पायाशी निळं पाणी. आपल्या कोकणात डोंगर हिरवा आणि समुद्र मातकट असतो. इथे कुणीतरी रंगांची अदलाबदल केल्यासारखी वाटली.

तांबडा रस्सा झाला. थॉमसच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी त्याने तिसऱ्यांदा वाटी पुढे केली. माळ नव्हती, त्यामुळे तंबू साधेच उभे राहिले. जेवल्यावर मी मोबाइलवर पत्रक लिहायला घेतलं. दाजी वाळूत येऊन बसले आणि म्हणाले, लिहू नकोस. गुपचूप दुरुस्त करा आणि विषय खलास. तुमच्या गळ्यात तुम्हीच दगड बांधताय. ते मला खरंच वाचवू बघत होते, हे मला कळत होतं. पण गुपचूप दुरुस्त करायला ट्रॉल्या माझ्या दारात उभ्या नव्हत्या. कुठली कुठल्या गावच्या रस्त्यावर, कुठल्या ऊसतोड टोळीकडे गेली असेल, मला काय माहीत? ड्रायव्हरपर्यंत पोचायला छापलेला कागदच लागतो. मी तसं सांगितलं. दाजी पाय वाळूत खुपसत म्हणाले, पहिलं वाक्य वाच.

वाचलं. 'आम्ही बसवलेले दिवे रिकाम्या ट्रॉलीवर विझतात.'

"कडक आहे," ते म्हणाले. "'विझू शकतात' लिही."

मी 'विझतात' ठेवलं.

रविवारी परतताना चाचांकडे ट्रेलर ठेवला. मी त्यांना सगळं सांगितलं. ते जिंकल्यासारखे हसतील म्हणून मी तयारीत होते. त्यांनी माळेची वायर काढून तिथे जाड वायर घातली, आणि काम करता करता सांगितलं की लाँचीवर असताना त्यांनीही एकदा हीच चूक केली होती, भर समुद्रात, आणि तिथे उतरून उभं राहायला पेट्रोल पंप नव्हता.

कराड

पत्रक वाटलं. अपेक्षेप्रमाणे झालं. ज्या कारखान्याने बंदी घातली होती, त्याच्या लोकांनी आमचंच पत्रक मोठं छापून फाटकावर लावलं. खाली एक ओळ वाढवली: 'यांच्याकडून सुरक्षा शिका.' आमच्यातले दोघे मोहीम सोडून गेले. एक म्हणाला, तू आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. मी त्याला अडवलं नाही.

यार्डात आम्हाला बंदी आहे. ठीक आहे. पण रिकामी ट्रॉली यार्डात राहत नाही, ती फाटकातून बाहेर पडते, आणि फाटकाबाहेरचा रस्ता कारखान्याचा नाही. आम्ही तिथे सतरंजी टाकली, वायरीची भेंडोळी ठेवली, पाने ठेवले. दुपारी अधिकारी बाहेर आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं.

"तुमचे दिवे विझतात असं तुम्हीच लिहिलंय," ते म्हणाले. "मग इथं कशाला बसलाय?"

"विझतात म्हणूनच बसलोय. आमची चूक आम्ही छापली. तुमच्या निम्म्या ट्रॉल्यांना दिवाच नाही, ते कधी छापताय?"

ते म्हणाले, पोलिसांना बोलावतो. मी म्हटलं बोलवा, त्यांच्याही गाडीचा मागचा दिवा बघून देतो.

तेवढ्यात एक ट्रॅक्टर फाटकातून बाहेर आला, मागे रिकामी ट्रॉली खडखडत. ड्रायव्हर पन्नाशीचा, डोक्याला मफलर. गेल्या वर्षी त्याच्या ट्रॉलीला मीच दिवा बसवला होता, त्याचा फोटोही काढला होता. फाटकावरच्या कागदाकडे त्याने मान वळवून बघितलं, मग माझ्याकडे, मग अधिकाऱ्यांकडे. अधिकारी त्याला हाताने पुढे जा म्हणून खुणावत होते.

त्याने ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला घेतला आणि इंजिन बंद केलं.

"ताई, माझ्या ट्रॉलीचा पण जातोय काय?"

"तुमचाही जात असणार."

"मग हुबी का तू? शिर की खाली."

मी पाना घेतला आणि ट्रॉलीखाली शिरले.